शूटवरची स्टायलिस्ट: कपडे आणण्यापासून परत करण्यापर्यंत

फॅशन स्टायलिंगमध्ये यायचंय म्हणून कुणी मला फोन केला, की मी आधी एकच विचारते: दुसऱ्याकडून मागून आणलेली वस्तू जशीच्या तशी परत करायची सवय आहे का? रंगांची जाण लागते, नजर लागते, पण ती कामातून वाढत जाते. शूटवर आमच्या हातात जे काही असतं, त्यातलं जवळपास काहीच आमचं नसतं. साडी डिझायनरची, दागिने सराफाकडचे, चपला कुठल्या तरी ब्रँडची प्रसिद्धी बघणाऱ्या पीआरकडून आलेल्या. हे सगळं निव्वळ विश्वासावर मिळतं. नव्या स्टायलिस्टकडे दुसरं भांडवल नसतंच.

मी मुंबईत आधी असिस्टंट म्हणून राबले, आता स्वतःच्या नावावर छोटी-मोठी कामं घेते. खाली लिहितेय ते मासिकासाठीच्या, म्हणजे एडिटोरियल शूटबद्दल. ई-कॉमर्सचं गणित वेगळं असतं. तिथे कपडे कंपनीचेच, पार्श्वभूमी पांढरी आणि वेगाला महत्त्व. हात बसवायला ते काम उत्तम. कमी लेखू नका.

शूटच्या आधीचे दिवस सोर्सिंगमध्ये, म्हणजे कपडे-दागिने जमवण्यात, जातात. मासिकाकडून ब्रीफ, म्हणजे काय हवंय याचं टिपण, येतो, त्यावरून मूडबोर्ड, म्हणजे नमुन्याच्या चित्रांचा फलक, बनतो, मग मासिकाच्या लेटरहेडवर एक पत्र घेऊन आपण शोरूमच्या दारात उभे राहतो. कपडे ताब्यात घेतानाच प्रत्येक नगाचा फोटो काढा. आधीपासून असलेला डाग, सुटलेला टाका, तुटलेलं हूक यांचा जवळून वेगळा फोटो काढा आणि तो तिथल्या तिथे त्यांना पाठवा. परत देताना वाद होत नाही. काही गोष्टी मात्र विकतच घ्याव्या लागतात: परकर, त्वचेच्या रंगाचे आतले कपडे, मोजे, लेस. कापडाला मंगलदास मार्केट, लेस आणि खोट्या दागिन्यांना भुलेश्वर, साड्यांना दादरचं हिंदमाता. या गल्ल्या पायाखालच्या असल्या की आयत्या वेळी घाबरायला होत नाही.

शूटच्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचायचं. कॉल टाइम, म्हणजे सगळ्यांनी हजर राहायची वेळ, सकाळी 8 चा असेल तर स्टायलिंगची माणसं त्याआधी तासभर तरी स्टुडिओत हवीत. रॅक लावायचा, लूकच्या क्रमाने हँगर लावायचे, स्टीमर तापवायचा. चपलांच्या तळव्यांना मास्किंग टेप चिकटवायचा, म्हणजे दिवसभर चालूनही तळवा कोरा राहतो. दागिने एका ट्रेमध्ये मांडून त्या ट्रेचा फोटो काढायचा. लग्नघरात कोठीघराची किल्ली जिच्या कमरेला असते, तिची नजर जशी चौफेर फिरत असते, तशी आपली रॅकवर हवी. चहाचा ग्लास रॅकजवळ आणायचा नाही. सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांना हे सकाळीच नम्रपणे सांगून ठेवलं तर दिवसभर तेच आपल्यासाठी पहारा देतात.

मॉडेलला कपडे घालताना दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा. पहिली, हात लावण्याआधी विचारा. पिन मारणार असलात, पदर खोचणार असलात, ब्लाउजचं हूक लावणार असलात, तरी तोंडाने सांगा आणि होकार ऐका. दुसरी, डोक्यावरून घालायचा कपडा असेल तर आधी तिच्या चेहऱ्यावर पातळ ओढणी टाका. मेकअप वाचतो आणि गळ्याला फाउंडेशनचा डाग पडत नाही. सँपल, म्हणजे नमुन्याचे कपडे, बहुतेक एकाच मापाचे येतात, त्यामुळे मागून क्लिपा लावून बसवावेच लागतात. कॅमेऱ्याला फक्त पुढची बाजू दिसते.

दिवाळीच्या अंकासाठी आम्ही केलेल्या एका शूटमध्ये येवल्याची हातमागावरची पैठणी होती. अशा पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, मागे धाग्यांची गुंतवळ नसते. म्हणून पदर वाऱ्यावर उडवून दोन्ही बाजू दाखवायचं ठरलं. रेशमावर थेट वाफ मारली की पाण्याचे थेंब उमटतात. त्यामुळे स्टीमर बाजूला ठेवून कमी तापलेली इस्त्री, उलट बाजूने, मध्ये मलमलचा तुकडा घालून फिरवली. खांद्यावर पिन लावताना पिनेच्या वेटोळ्यात धागा अडकतो, म्हणून तिथे कापडाची छोटी घडी घातली आणि पिन जरीतून न नेता निऱ्यांच्या आतून घेतली. हेअरस्प्रे मारायच्या आधी खांद्यावर टॉवेल. मग पंखा सुरू झाला आणि मॉनिटरवर दिसलं, की जरीवर लाइट थेट पडतोय आणि काठ नुसता पांढरा येतोय. मी फोटोग्राफरला हळूच सांगितलं, लाइटदादांनी लाइट जरा तिरका केला आणि पदरावरचे मोर उठून आले.

यासाठीच स्टायलिस्टने मॉनिटरजवळ उभं राहायचं असतं. कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला असतो, प्रत्येक फ्रेम लगेच समोर येते. डोळ्यांना ठीक वाटणारा कपडा फ्रेममध्ये वेगळाच दिसू शकतो. बारीक रेघांच्या शर्टावर डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखी विचित्र नक्षी उमटते, काळ्या कपड्याचा पोतच नाहीसा होतो, आतल्या कपड्याची पट्टी दिसते, लेबल बाहेर येतं. दिसलं की लगेच फ्रेममध्ये धावायचं नाही. फोटोग्राफरला खूण करायची, तो थांबला की जायचं आणि काम करून पटकन बाहेर यायचं. माझं स्पष्ट मत असं, की प्रत्येक सुरकुती पुसायची गरज नसते. माणूस बसला की कपड्याला घड्या पडणारच. त्या काढत बसलं की कपडा पुतळ्याला घातल्यासारखा दिसतो आणि मॉडेलचा मूड जातो तो वेगळाच.

पॅकअप झालं की बाकीचे निघतात, आपलं काम उरतं. यादी हातात घेऊन एकेक नग मोजायचा, कानातल्यांची जोडी जोडीने तपासायची, दागिने सगळ्यात आधी डब्यात. पिना काढताना दिव्याखाली बघून काढायच्या. डाग दिसला तर लपवायचा नाही, ज्याची वस्तू त्याला त्याच रात्री कळवायचं आणि ड्रायक्लीनिंगचं विचारायचं. शक्यतो दुसऱ्याच दिवशी माल परत.

परत करायचं म्हणजे नाव देणंही आलं. क्रेडिटची, म्हणजे फोटोतली कुठली वस्तू कुणाची याची, यादी स्टायलिस्टच करून देते आणि तिथे हलगर्जीपणा चालत नाही. जून 2025 मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, पण त्यांचं वर्णन नुसतं लेदर सँडल असं होतं. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे. ओरड झाल्यावर प्राडाने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. एवढ्या लांबचं उदाहरण द्यायचं कारण असं, की आपल्याकडच्या अंकांतही नथ, चपला, खण यांच्यापुढे नाव गाळलं जातं. डिझायनरचं नाव ठळक आणि विणकराचं कुठेच नाही, हे मला सहन होत नाही. दुकानदाराला विचारा, ही साडी कुणी विणली? कळलं तर यादीत घाला आणि संपादकांकडे आग्रह धरा.

आता पैशांचं. काम स्वीकारतानाच फी, सोर्सिंगचा खर्च, टेम्पोचं भाडं आणि ड्रायक्लीनिंग कोण देणार हे ईमेलवर लिहून घ्या. प्रवास आणि खरेदीसाठी ॲडव्हान्स मागायला लाजू नका. बिल शूटच्याच आठवड्यात पाठवा, कारण पैसे यायला महिने लागू शकतात. टीडीएस (पैसे देतानाच वजा होणारा कर) कापला गेला तर त्याची नोंद ठेवा, रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो. असिस्टंट असताना हातात फार थोडं येतं. मुंबईत राहायची सोय आणि काही महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय नोकरी सोडून येऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

पदवी लागतेच का? निफ्टचं, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेचं, मुंबई केंद्र खारघरला आहे. तिथून किंवा टेक्स्टाइलच्या एखाद्या कोर्समधून आलात तर कापड ओळखता येतं, ओळखी होतात. पण मी डिग्री नसलेल्या उत्तम असिस्टंट बघितल्यात. पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला स्वतःच्या कामाचे फोटो, नसेल तर नव्या फोटोग्राफर आणि मेकअप आर्टिस्टसोबत टेस्ट शूट, म्हणजे सरावाचं शूट, करा. आईच्या कपाटातली साडी, भावाचा शर्ट चालतो.

एखाद्या स्टायलिस्टला असिस्ट करायचं असेल तर मेसेज छोटा ठेवा. नाव, कुठे राहता, आठवड्यातले कोणते दिवस मोकळे आहेत, दुचाकी चालवता का, शिवता येतं का, आणि कामाचे चार फोटो. मोठ्या स्वप्नांचा परिच्छेद नको. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा. आमचा फोन बहुतेक वेळा बॅगेत, आणि बॅग कपड्यांच्या ढिगाखाली असते.