पैठणीच्या ब्लाऊजवर घरच्या साध्या मशीनने जरीची वेल

जरीचा दोरा सुईत ओवूच नका. सुईच्या भोकातून तो एवढ्यांदा वरखाली घासला जातो की वरची चमक सोलून निघते आणि मग तुटतो. मी नाशिकला पंचवटीत घरीच ब्लाऊज शिवते, येवला आपल्याच जिल्ह्यात म्हणून लग्नसराईत पैठणीचे ब्लाऊज भरपूर येतात, आणि पहिल्या दोन ब्लाऊजला मी हेच केलं होतं, एक बाही पूर्ण उसवावी लागली.

जरी बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात भरायची आणि कापड उलटं ठेवून शिवायचं, म्हणजे खालची जरी सुलट बाजूला येते. वर सुईत जरीच्या रंगाचा साधा दोरा, १४ नंबरची सुई. मेन रोडला जरी घ्यायला जाताना साडी सोबत न्या आणि दुकानाबाहेर उजेडात काठाला लावून बघा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो.

बॉबिन हाताने भरा, सैलसर आणि एकसारखी. आता बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा छोटा स्क्रू थोडासा, पाव फेरा सैल करायचा, आणि हे ताटलीवरच करा कारण तो स्क्रू खाली पडला की सापडत नाही. दोरा धरून केस लटकवा, हलक्या झटक्याने खाली सरकली की बरोबर. खरं सांगू का, यासाठी दुसरी केस घेऊनच टाका आणि तिला नेलपॉलिशचा ठिपका लावा, नाहीतर रोजच्या शिलाईचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, बिघडतं.

ब्लाऊजच्या उलट्या बाजूला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, त्यावर पेन्सिलने वेल काढा, पण मोर किंवा पोपट असेल तर तो सुलट बाजूला तोंड फिरवून येणार हे लक्षात ठेवा, दोन्ही बाह्यांवर समोरासमोर हवे असतील तर तसं आधीच काढा. टाका मोठा ठेवा, ३ ते ४ मिमी, छोट्या टाक्यात जरी गोळा होते. वळणावर सुई कापडात रोवलेली ठेवून मशीनचा पाय उचला, कापड थोडं फिरवा, पुढे चला, हळू.

आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर चालवून बघाच. सुलट बाजूला जरीची सैल वेटोळी दिसली तर स्क्रू जरा आवळा, जरी उलट्या बाजूला खेचली जात असेल तर वरचं टेन्शन कमी करा.

सुरुवातीला आणि शेवटी रिव्हर्स टीप मारू नका, तिथे जाड गाठ दिसते. दोरे लांब सोडा, हातसुईने मागे ओढून गाठ मारा. इस्त्री मागच्या बाजूनेच, मंद, वर पातळ सुती कापड टाकून.