पाकटांच्या वाळूवर उतरण्याआधी

मुलं अमेरिकेत असली की कधीतरी फोन येतोच, "आई, या वेळी आलात की क्रूझला जाऊ." मायामीहून निघणाऱ्या या जहाजांचा एक थांबा बरेचदा कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर असतो, आणि तिथली सगळ्यांत गाजलेली सहल म्हणजे बोटीने उथळ समुद्रात जाऊन स्टिंगरे माशांमध्ये उतरणं. स्टिंगरे म्हणजे आपल्या कोकणातला पाकट. सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरायला निघाले की आता कोणी ना कोणी थांबवून विचारतं, "बाई, आम्हाला जमेल का हो?" मी शाळेत आयुष्यभर खेळ आणि पोहणं शिकवलं, आणि त्या वाळूवर उतरूनही आले. माझं उत्तर आहे, जमेल. फक्त शिकायचं ते सांगलीतच शिकून जा. तिथे बोटीवर पाण्यात बघायचा काचेचा मास्क आणि श्वासाची नळी (स्नॉर्केल) हातात देतात आणि पाच मिनिटांत उतरायला सांगतात.

आधी जागा समजून घ्या, निम्मी भीती तिथेच जाते. बेटाच्या उत्तरेकडून आत शिरलेला नॉर्थ साउंड नावाचा मोठा उथळ जलाशय आहे. त्याच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. पूर्वी कोळी परतताना इथे बोट थांबवून मासे आणि शंख साफ करायचे आणि घाण पाण्यात टाकायचे. इंजिनाचा आवाज आला की खायला मिळतं, हे पाकटांना कळलं. 1980 च्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने भरवू लागले आणि पुढे त्याची सहल झाली. एक जागा साधारण 12 फूट खोल आहे, ती सिलिंडर लावून बुडी मारणाऱ्यांची. आपल्याला नेतात तो वाळूचा उंचवटा, तिथे पाणी कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत. ना जाळी, ना कुंपण. पाकट आपल्या मर्जीने येतात, मर्जीने जातात. एरवी ही जात रात्री एकेकटी हिंडणारी. इथे मात्र ते दिवसाढवळ्या घोळक्याने दिसतात. माणसाने त्यांची सवय आधीच मोडली आहे, म्हणून तिथे उतरणाऱ्याने आणखी त्रास द्यायचा नाही, ही माझ्या लेखी या सहलीची पहिली अट.

आता सराव. कृष्णेत उतरू नका. आमच्या पिढीने घाटावर पोहून काढलं हे खरं, पण सांगली, औदुंबर, भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि त्यांचे हल्लेही झाले आहेत. शेततळंही नको, खालचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. गावाकडच्या विहिरीत तळाचा अंदाज येत नाही. तेव्हा जीवरक्षक असलेला तरण तलाव, त्याची उथळ बाजू, आणि महिनाभर सकाळची एक बॅच. पोहायला येत नसेल तरी चालेल. मला तुमच्याकडून चारच गोष्टी पाहिजेत.

पहिली म्हणजे मास्क. स्वतःचा घ्या, बोटीवरचा कोणाच्या तोंडाच्या मापाचा निघेल सांगता येत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतंच. आपल्याकडे मिशी काढा म्हणून कोणाला सांगायची सोय नाही, तेव्हा वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन चोळा, बरंच भागतं. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो आतून टूथपेस्टने घासून काढला नाही तर काच धुरकट होत राहते. नंतर पाण्यात जाण्याआधी आतून बेबी शांपूचा एक थेंब फिरवून विसळायचा. चष्मा असेल तर नंबरचा तयार मास्क मिळतो, चष्मा घालून मास्क बसत नाही. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली दिसतात. माझ्या बॅचमध्ये मी ते चालू देत नाही, घाबरलेल्या माणसाला ते झटकन काढता येत नाहीत.

दुसरी, तोंडाने श्वास. उथळ पाण्यात काठ धरून नळी तोंडात घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. पहिल्या दिवशी छाती धडधडते, कारण मेंदूला हे पटत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पटतं. तिसरी, नळीत पाणी आलं तर डोकं न उचलता जोरात "टू" करून ते वर उडवणं.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती कोणी शिकवत नाही. पाण्यावर पालथं पडलेल्या माणसाला पुन्हा उभं राहता आलं पाहिजे. कमरेएवढ्या पाण्यात माणसं घाबरतात ती याचमुळे. पाय खाली यायला तयार नसतात, माणूस मान वर करतो, पाय आणखी वर जातात, नाकातोंडात पाणी जातं. करायचं असं: दोन्ही गुडघे पोटाशी घ्या, तळहात पुढे पसरून पाणी खाली दाबा, कंबर खाली गेली की पाय सोडा आणि मगच डोकं वर काढा. गुडघे, हात, पाय, डोकं, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत करा. समुद्राचं खारं पाणी माणसाला आणखी वर उचलतं, लाइफ जॅकेटने त्यात भर पडते, त्यामुळे तिथे पाय खाली आणणं तलावापेक्षा अवघड जातं. जॅकेट घालूनही सराव करा.

हृदयाचा, दम्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना "नळीने श्वास घेऊन पोहायचं आहे" असं स्पष्ट सांगा. नुसतं "परदेशी चाललोय" म्हटलं की ते फक्त गोळ्या लिहून देतात.

बायकांसाठी कपड्यांचं. सुती पंजाबी ड्रेस पाण्यात जड होतो आणि वर तरंगतो, ओढणी तर पायात अडकते. पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा पोहण्याचा सूट आपल्याकडेही मिळतो, तो घ्या. अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही आणि सनस्क्रीन फक्त चेहऱ्याला आणि हाताला पुरतं. पाण्यात कमी रसायन जाणं पाकटांसाठीही बरं. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, अंगठ्या जहाजावरच्या खोलीतल्या तिजोरीत ठेवा. वाळूत पडलेलं सापडत नाही, हे एक. दुसरं, पाकटाच्या कातडीवर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. अंगठीच्या कडेने तो खरवडला जातो.

सहल जहाजाच्या कंपनीकडून घ्यावी की बाहेरून? बाहेरची स्वस्त असते आणि बोटीत माणसंही कमी असतात. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी जहाजाचीच घ्या म्हणते. कारण बेटाच्या जॉर्जटाउन बंदरात जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं, आणि छोट्या बोटीने, तिला टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर सोडतात. शेवटचा टेंडर जहाज सुटण्याच्या बराच आधी निघतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं, तुमच्या खाजगी सहलीसाठी थांबत नाही. त्यात घड्याळाची भानगड आहे. केमनमध्ये वर्षभर एकच वेळ असते, मायामीचं घड्याळ मात्र उन्हाळ्यात एक तास पुढे जातं. आपल्याकडची मुलं सुट्टीत, मे-जूनमध्ये बोलावतात, नेमकं तेव्हा. मोबाइल आपोआप बेटाची वेळ दाखवतो आणि जहाज आपल्या वेळेने चालतं. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याच्याकडेच बघा. हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला तर टेंडरच बंद ठेवतात आणि अख्खा थांबा रद्द होतो. त्यावर रुसून उपयोग नाही.

सकाळी नाश्ता हलका. जहाजावरच्या बुफेत सगळं मांडलेलं असतं, पण इडली-टोस्ट एवढ्यावर थांबा. भडंग सोबत नेलं असेल तर ते खोलीतच राहू द्या, लसूण-तिखट पोटात घेऊन हलत्या बोटीत बसू नये. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याआधी घ्या. तिने झोप येते, म्हणून ती घेतल्यावर कसं वाटतं ते आधी एकदा घरीच बघा. आम्ही साताऱ्याच्या आल्याच्या वड्या नेल्या होत्या, बोटीत शेजारच्या परक्या बाईंनीही मागून घेतल्या.

बंदरावरून बसने मरिनापर्यंत, म्हणजे छोट्या बोटींच्या धक्क्यापर्यंत जायचं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना अमेरिकेत होतो तसा गोंधळ होत नाही. पुढे बोट.

शिडीवरून उतरलात की पायात काही नसतं, तिथे पाण्यात पादत्राणं घालायला बंदी आहे. आता पाय उचलून टाकायचा नाही. तळवा वाळूवर घासत सरकायचं. पाकट अंगावर वाळू ओढून पडून राहतो. पाय वरून पडला तर तो दाबला जातो आणि शेपटी उलटी मारतो, पाय घासत आला तर त्याला आधी चाहूल लागते आणि तो सरकतो. शेपटीवर करवती कडांचा विषारी काटा असतो. 2006 साली ऑस्ट्रेलियात वन्यप्राण्यांचे टीव्ही कार्यक्रम करणारे स्टीव्ह अर्विन गेले ते पाकटाचा काटा छातीत घुसून. ते आठवून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण काटा हा अडकल्यावरचा उपाय आहे, पाकट शोधत येऊन मारत नाही. शेपटीला हात नाही, पाकटाच्या पाठीमागे उभं राहणं नाही, त्याची वाट अडवणं नाही.

आणि मग गप्प उभं राहा. माणसं किंचाळतात, नाचतात, पाणी उडवतात, त्यांच्याकडे पाकट फिरकत नाही. आमच्या ह्यांना मी सांगितलं, "अहो, हात पाण्याखाली आडवा धरा आणि हलू नका." करडी-तपकिरी, चारेक फुटी रुंद मादी आली. माद्या मोठ्या, नर त्यांच्या निम्म्याने. कडा लाटेसारख्या हलवत ती हातावरून गेली. पोटाची बाजू दुधावरच्या सायीसारखी मऊ, पाठ मात्र किंचित खरबरीत, मधल्या कण्यावर बारीक काट्यांची रांग. मास्क लावून चेहरा पाण्यात घाला, हे वरून दिसत नाही: डोळ्यांच्या मागे एकेक छिद्र असतं, ते सारखं उघडझाप करतं. तोंड खाली वाळूत असल्यामुळे पाकट त्या वरच्या छिद्रांतून पाणी घेतो. मी ते कितीतरी वेळ बघत राहिले.

भरवायला स्क्विडचा तुकडा देतात. तो बंद मुठीत धरून अंगठा आत घ्या आणि मूठ पाकटाच्या तोंडाखाली न्या. तो ओढून घेतो. दात चपटे, शंख फोडण्यासाठीचे, ते बोटावर बसले तर चांगलंच चिमटतं. आम्ही शाकाहारी, आम्ही भरवलं नाही, काही बिघडलं नाही. फोटोसाठी काही खलाशी पाकट हातावर धरून वर आणतात. तो पाण्याबाहेर काढणं तिथल्या नियमात बसत नाही. तुमच्या बोटीवर कोणी उचलू लागलं तर "नको, पाण्यातच राहू दे" एवढं इंग्रजीत म्हणायला मुलांकडून शिकून घ्या.

काटा लागलाच तर लगेच खलाशाला सांगा. पायाला लागला असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास पाय बुडवून ठेवतात, उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो. आधी पाणी घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासावं, नाहीतर पाय भाजतो. मग डॉक्टर. पोटात किंवा छातीत घुसलेला काटा कोणीही उपसायचा नाही. तारकर्ली-मालवणलाही वाळूत पाकट असतात, तिथेही हेच.

बहुतेक सहलींत दुसरा थांबा प्रवाळांवर असतो. इथे पाणी खोल आणि खाली उभं राहायला जागा नाही, प्रवाळावर पाय ठेवला की तो मरतो. तलावात गुडघे पोटाशी घेऊन उभं राहता येत नव्हतं, त्यांनी इथे उतरू नये, बोटीवर बसावं. ज्यांना आलं त्यांनी जॅकेट घालून, दोघा-दोघांनी हात धरून, बोटीच्या नजरेत राहावं. दम लागला तर उलटं होऊन पाठीवर तरंगा आणि हात वर करा, खलाशी दोरीची रिंग टाकतो.