जुन्या कालव्याच्या किंवा रुळांच्या पट्ट्यावरील उद्यानात पावसाचे पाणी कसे हाताळावे

नाशिकमध्ये पूर आला की सर्वांच्या नजरा दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे ज्यावरून पुराची पातळी जोखतात त्या गोदाकाठच्या मूर्तीकडे लागतात. परंतु धरणाच्या विसर्गाबरोबर शहरावर पडलेला पाऊसही नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांमार्गे गोदावरीतच उतरत असतो. बंद पडलेला कालवा, रूळ उखडलेली रेल्वे किंवा जुना गाडीरस्ता यांच्या लांबट पट्ट्यावर उद्यान करताना त्या पाण्याचा काही भाग वाटेतच थोपवता येतो. त्यासाठी पट्ट्याची जुनी पाणीव्यवस्था आधी समजून घेतली पाहिजे.

पहिले काम मोऱ्या शोधण्याचे. असा पट्टा भरावावरून जात असेल, तर वरच्या अंगाचे पाणी पलीकडे जावे म्हणून त्याखाली ठिकठिकाणी दगडी मोऱ्या बांधलेल्या असतात. त्या गाळाने किंवा राडारोड्याने बुजल्या, की भराव हाच बांध बनतो आणि वरच्या वस्तीत पाणी साचते. म्हणून प्रत्येक मोरीचे तोंड मोकळे करून नकाशावर नोंदवावे आणि दगडी बांधकामात रुजलेली पिंपळाची रोपे लहान असतानाच काढावीत. एप्रिल-मे महिन्यांत मोरीतून पाणी वाहताना दिसले, तर ते बहुधा सांडपाणी असते. ते बंद झाल्याशिवाय ती मोरी उद्यानातील चरांना, म्हणजे पावसाचे पाणी थोपवण्यासाठी वाटेकडेला काढलेल्या उथळ गवताळ खाचांना, जोडू नये.

त्यानंतर माती तपासावी. नाशिकखाली बेसाल्टचा कातळ आहे, त्यावर कुठे मुरूम तर कुठे काळी माती. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत पाणी भराभर शिरते आणि जमीन चांगली पाझरते असा चुकीचा समज होतो. पावसाळ्यात तीच माती फुगून पाणी अडवून धरते. म्हणून ३० सेंटीमीटर रुंद व ४५ सेंटीमीटर खोल खड्डा खणून आदल्या दिवशी तो पाण्याने भरावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून त्यात पट्टी उभी करावी आणि दर तासाला पातळी लिहून ठेवावी. पातळी ताशी साधारण १३ मिलिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, तर केवळ जिरवण्यावर विसंबू नये. चराखाली खडीचा थर आणि छिद्रांचा पाइप टाकावा. रेल्वेच्या जागेत तेल, तणनाशके आणि स्लीपरवरील रसायने मातीत उरलेली असू शकतात, त्यामुळे तेथे प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पाणी जिरवू नये.

चराचा आकार साध्या हिशेबाने ठरतो. ३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब पक्क्या वाटेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १५,००० लिटर पाणी पडते आणि त्यातील सुमारे १३,५०० लिटर वाहून येते. वाटेला एका बाजूस २ टक्के आडवा उतार देऊन कडेला दीड मीटर रुंद, सरासरी १० सेंटीमीटर खोल गवताळ चर काढला, तर हे पाणी त्यात मावते. मात्र पट्ट्याला लांबीच्या दिशेनेही उतार असतोच; म्हणून चरात ठरावीक अंतरावर दगडांचे बुटके आडबांध घालावेत, नाहीतर सगळे पाणी खालच्या टोकाला धावून तेथील माती खरवडून नेते. चरात हरळी लावावी, आडबांधांपाशी वाळा लावावा, कारण त्याची खोल मुळे माती घट्ट धरून ठेवतात.

भरावाच्या माथ्यावर किंवा उतारावर पाणी कधीही जिरवू नये. भिजलेला उतार घसरतो. ते पाणी फरसबंद पन्हळीतून खाली आणून, पायथ्यापासून काही अंतरावरील खोलगट जागेत सोडावे. प्रत्येक चराच्या शेवटी दगडी सांडवा हवा आणि त्याचे पाणी कोणाच्या कुंपणाकडे न जाता नाल्याकडेच जाईल, हे प्रत्यक्ष पाणी ओतून पाहावे.

देखभालीसाठी वेगळी तरतूद आधीच करावी, कारण चांगले चरही बहुतेक गाळानेच निकामी होतात. पाणी चरात शिरते तेथे फावड्याने उपसता येईल असा गाळखड्डा ठेवावा आणि मृग नक्षत्रापूर्वी तो रिकामा करावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर ४८ तासांनी संपूर्ण पट्टा चालून पाहावा. जेथे पाणी अजून साचलेले असेल, तेथे डासांची पैदास होण्याआधी गाळ काढून तळाचा उतार सुधारावा.