ट्रॅक डेवर मागच्या गाडीला साईड कशी द्यावी

ग्वाल्हेरहून आग्रा गाठून यमुना एक्सप्रेसवेला लागले की १६५ किलोमीटरच्या त्या रस्त्याच्या ग्रेटर नोएडाकडच्या टोकाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. २०११ ते २०१३ या वर्षांत फॉर्म्युला वनच्या शर्यती जिथे झाल्या, त्याच मार्गावर ट्रॅक डेला, म्हणजे ट्रॅक सर्वसामान्य चालकांसाठी खुला असतो त्या दिवशी, आपली रोजची गाडीही चालवता येते. पहिल्यांदा जाणारे टायर, ब्रेक आणि हेल्मेटची चौकशी पुष्कळ करतात. मागून येणाऱ्या गाडीला पुढे कसे जाऊ द्यायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक नवशिक्यांच्या गटात सगळा दिवस सुरळीत जाणे याच एका गोष्टीवर अवलंबून असते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. नवशिक्यांच्या गटात सर्वसाधारण नियम असा, की पुढच्या चालकाने हाताने खूण केल्याशिवाय मागच्याने ओलांडायचे नाही, आणि तेही आयोजकांनी ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच. ग्वाल्हेरच्या पडाव ते फूलबाग रस्त्यावरच्या गर्दीत आपण हॉर्न वाजवून साईड मागतो आणि मिळाली नाही तर काढून घेतो. ट्रॅकवर ती मागायचीही नसते आणि काढून तर घ्यायचीच नसते. पुढचा देईल तेव्हाच ती मिळते, म्हणून वेळेवर देण्याची जबाबदारीही पुढच्याचीच.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्यामुळे खूण उजव्या हाताने होते. मागच्याने आपल्या उजव्या बाजूने जावे असे वाटत असेल, तर हात खिडकीबाहेर सरळ काढून बोटाने उजवीकडे स्पष्ट दाखवावे. डावीकडून जाऊ द्यायचे असेल, तर हात बाहेर काढून कोपरात वाकवावा आणि छताच्या वरून बोट डावीकडे करावे. बोट ज्या बाजूला, त्या बाजूने मागच्याने जायचे. रस्त्यावरच्या सवयीचा गोंधळ इथेच होतो. १९८९ च्या रस्ते-नियमांत उजवा हात आडवा बाहेर काढून तळवा पुढे ठेवला की ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असा अर्थ होत असे, आणि मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी तोच हात अर्धवर्तुळात मागेपुढे हलवावा लागे. ट्रॅकवर असा हात हलवत राहू नये. दुरून आणि वेगात पाहणाऱ्याला हलणाऱ्या हाताची दिशा कळत नाही, स्थिर बोटाची कळते. शिवाय ताशी सव्वाशे-दीडशेच्या वेगात वारा हात मागे ढकलतो, त्यामुळे ढिला हात आपोआप भलतीकडे वळतो; दंड ताठ ठेवून क्षणभर स्थिर धरावा आणि लगेच आत घ्यावा. सीटबेल्ट घट्ट आवळल्यावर आणि हेल्मेट चढवल्यावर छतावरून हात नेणे वाटते तितके सोपे नसते, म्हणून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, उभ्या गाडीतच त्याची सवय करून घ्यावी. काही आयोजक हातांऐवजी इंडिकेटर वापरायला सांगतात, तर काही एकाच बाजूने ओलांडण्याची मुभा देतात. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये जे सांगितले जाईल तेच त्या दिवशी प्रमाण मानावे.

खूण करण्याची योग्य वेळ म्हणजे वळणातून बाहेर पडून स्टिअरिंग सरळ झाल्याचा क्षण. बुद्धवर तिसऱ्या वळणानंतर चौथ्या वळणापर्यंत सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. खूण त्याच्या सुरुवातीलाच झाली पाहिजे. पट्टा संपत आल्यावर, ब्रेकची जागा जवळ दिसत असताना केलेली खूण ही सौजन्य नसून संकट आहे, कारण मग दोन्ही गाड्या एकाच वेळी एकाच वळणाकडे शेजारी शेजारी पोचतात. वळणात तर दोन्ही हात स्टिअरिंगवरच हवेत, मागे कोणी कितीही चिकटलेले असो.

खुणेनंतर ॲक्सिलरेटरवरून पाय सैल करणे हा या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तोच बहुतेक जण विसरतात. हिशेब करून पाहा. पुढच्या गाडीचा वेग ताशी १४० असेल आणि मागची तिच्यापेक्षा फक्त ५ किलोमीटरने वेगवान असेल, तर मागून येऊन पुढे सुरक्षित अंतरावर जाण्यासाठी लागणारी साधारण २८ मीटरची आघाडी मिळवायला तिला २० सेकंद लागतात आणि तेवढ्यात पुढची गाडी पाऊण किलोमीटरहून अधिक अंतर कापते. पाय सैल करून हा फरक ताशी २० केला, तर तेच काम ५ सेकंदांत आणि जेमतेम २०० मीटरमध्ये उरकते. ब्रेक मात्र दाबू नये. मागच्याला तो अनपेक्षित असतो.

हे सर्वात कठीण जाते ते ताकदवान गाडीच्या मालकाला. समजा पुढे दोनशे-अडीचशे अश्वशक्तीची सेदान आहे आणि मागे साधी स्विफ्ट. वळणात स्विफ्ट तिच्या डिकीला येऊन भिडते, सरळ पट्ट्यावर सेदान पुन्हा लांब जाते, आणि सेदानवाल्याची प्रामाणिक समजूत होते की आपणच वेगवान आहोत. जी गाडी वळणावळणाला आरशात मोठी होत जाते ती आपल्यापेक्षा वेगवानच असते, सरळ पट्ट्यावर ती कितीही मागे पडो. अशा वेळी सेदानवाल्यानेच पाय उचलला पाहिजे. स्विफ्टकडे त्याला ओलांडण्याइतकी ताकद नाही, आणि त्यात तिच्या चालकाचा काही दोष नाही. माझ्या मते नवशिक्याची पारख त्याच्या लॅपच्या (ट्रॅकच्या एका फेरीच्या) वेळेवरून करण्यापेक्षा तो या प्रसंगी काय करतो यावरून करावी.

खूण करताना आपली लाईन, म्हणजे ट्रॅकवर आपण धरलेला मार्ग, सोडू नये. बाजूला सरकून वाट करून देण्याची रस्त्यावरची सभ्यता इथे धोक्याची ठरते, कारण मागच्याने तीच बाजू आधीच धरलेली असू शकते. लाईन सोडायची ती ओलांडणाऱ्याने. मागे दोन गाड्या असतील तर दोन वेगळ्या खुणा कराव्यात. एक बोट म्हणजे एकच गाडी, आणि पहिलीच्या मागोमाग दुसरीने खुणेविना घुसणे नियमाबाहेर आहे. पुढे पिवळा झेंडा दिसत असेल तर खूण करू नये, कारण तिथे ओलांडणे बंद असते. मार्शलने निळा झेंडा दाखवला, तर मागे कोणीतरी बराच वेळ खोळंबला आहे असे समजून पुढच्या सरळ पट्ट्यावर त्याला जाऊ द्यावे.

मागचा चालक आपण असलो, तर काम थोडेच आहे. आरशात दिसेल इतक्या अंतरावर राहावे, दिवे मारू नयेत, अगदी डिकीला चिकटू नये. खूण मिळाली की रेंगाळू नये आणि पुढे गेल्यावर हात वर करून आभार मानावेत. मिळालेली खूण घेणे बंधनकारक नसते. जागा अपुरी वाटली तर मागेच राहावे, पुढचा पुढच्या पट्ट्यावर पुन्हा देईल. दोन-तीन लॅप होऊनही तो देत नसेल, तर भांडण्यापेक्षा पिटमध्ये यावे आणि आयोजकांच्या कानावर घालावे. ते त्या चालकाशी बोलतात, आणि तेवढ्यात समोरचा मार्गही मोकळा झालेला असतो.