घरांचे धोरण आणि नगरसेवक : या चुका टाळा

पुण्यात घरांचा निर्णय एका टेबलावर होत नाही. विकास आराखडा आणि बांधकाम परवानगी महापालिकेकडे, झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), सोडतीची घरे म्हाडाकडे आणि आराखड्यावर शेवटची सही राज्य सरकारची. मग ‘आपल्या हातात काय आहे?’ असे म्हणून अनेक नगरसेवक हा विषय सोडून देतात आणि स-यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या यादीतून, पेव्हर ब्लॉक बसवत राहतात. हातात बरेच आहे, पण ते ठरलेल्या मुदतीत आणि कागदावर आले तरच चालते.

अर्जांची यादी म्हणजे गरज नव्हे

संपर्क कार्यालयात घरकुलासाठी आलेल्या अर्जांत कार्यालयापर्यंत पोहोचलेल्यांचीच नावे असतात. वस्तीतली मोजणीही बहुतेक वेळा दारे मोजून होते. दहा बाय बाराची खोली, वर पत्र्याचा पोटमाळा. खाली आई-वडील, वर मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मीटर एक, रेशनकार्डे दोन, शेगड्याही दोन. यादीत मात्र झोपडी एक, म्हणून घर एक. नवी इमारत उभी राहिली की दुसरे कुटुंब जवळच्या नाल्याकाठी पत्रे ठोकते, आणि काही वर्षांनी तीच माणसे नव्या वस्तीत पुन्हा मोजावी लागतात.

म्हणून तक्त्यात घर क्रमांकाशेजारी कुटुंबे किती, मालक की भाडेकरू, कामाचे ठिकाण कोणते आणि राहत असल्याचा सर्वांत जुना पुरावा कोणत्या वर्षाचा, हे रकाने हवेतच. पुराव्याचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे. 1 जानेवारी 2000 किंवा त्याआधीची झोपडी मोफत पुनर्वसनाला पात्र ठरते, त्यानंतरची 1 जानेवारी 2011 पर्यंतची सशुल्क. पात्रतेची यादी लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे रकाने आधी भरा. वस्ती झोपडपट्टी म्हणून अधिकृतपणे घोषित आहे की अघोषित, तेही लिहा.

आरक्षणाचे घड्याळ न पाहणे

आरक्षण म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी, इथे गरिबांच्या घरांसाठी, राखून ठेवलेली जागा. त्याची मुदत न पाहण्याची चूक सर्वांत महागात पडते. जुन्या हद्दीचा विकास आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला, म्हणजे 2027 मध्ये त्याला दहा वर्षे भरतात. प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल उचलले नाही तर आरक्षण संपते. मुख्य सभेचा नुसता ठराव म्हणजे ते पाऊल नव्हे, संपादनाची कायदेशीर कारवाई सुरू व्हावी लागते. तोपर्यंत ‘विषय पुढील सभेत’ असे दोन-तीनदा झाले की गरिबांच्या घरांची जागा कायमची जाते.

प्रभागातल्या घरांसाठीच्या प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे नंबर, क्षेत्र, ताबा कोणाकडे आणि खरेदी सूचना आली का, हे लेखी प्रश्न विचारून आजच काढून घ्या. कलम 37 खालचा, मंजूर आराखड्यातल्या फेरबदलाचा विषय सभेपुढे आला की एवढेच तपासा: घरांची जागा कमी होते का, आणि तेवढीच दुसरीकडे मिळते का? विषयपत्रात हे नसेल तर उपसूचना, म्हणजे लेखी दुरुस्ती, द्या. तोंडी विरोध इतिवृत्तात हरवतो.

हरकत चुकीच्या भाषेत लिहिणे

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना 30 दिवस असतात. ‘गोरगरिबांवर अन्याय होत आहे’ अशा शेकडो सारख्या झेरॉक्स प्रती आल्या तरी त्या एकाच मुद्द्यात गुंडाळल्या जातात. सर्व्हे व हिस्सा नंबर, दाखवलेला वापर, हवा असलेला वापर, कारण आणि नकाशाचा तुकडा, इतके असले की सुनावणीत उत्तर द्यावेच लागते. हरकतींची सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, बाकीचे बाहेरून नेमलेले जाणकार. ही तीन नावे ठरताना गप्प बसू नका. सभागृहानेही मुदत पाळायला हवी. जुन्या हद्दीचा आराखडा वेळेत पुढे सरकला नाही आणि 2015 मध्ये सरकारने तो स्वतःकडे घेतला. नगरसेवकांचा शब्द तिथेच संपला.

स्वस्त जागा, पण पाण्यात

नदी-ओढ्याकाठची सरकारी जागा पाहून ‘इथे घरे बांधा’ म्हणण्याआधी पाटबंधारे विभागाचा पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. आंबिल ओढ्याने सप्टेंबर 2019 मध्ये आणि खडकवासल्याच्या विसर्गाने जुलै 2024 मध्ये एकता नगरीत काय केले, ते पुणेकरांनी पाहिले आहे.

मोठ्या प्रकल्पांतल्या 20 टक्क्यांकडेही बहुतेकांचे लक्ष नसते. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर छोट्या घरांचा हा वाटा ठेवावा लागतो आणि ती घरे म्हाडाच्या सोडतीत जातात. प्रभागात अशा किती परवानग्या दिल्या आणि म्हाडाला किती घरे कळवली, हे दोन्ही आकडे मागा.

तरतूद आहे, प्रस्ताव नाही

अंदाजपत्रकात नुसती रक्कम टाकून घेतली तर ती वर्षअखेरीस वर्गीकरणात, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवताना, रस्त्याला किंवा ड्रेनेजला जाते, नाहीतर 31 मार्चला संपते. आधी जागेचा ताबा, मग मोजणी, मग प्रकल्प अहवाल, त्यानंतर लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते).

चावी दिली की काम संपले असे समजणे

वस्तीत पायपुसण्यापाशी चप्पल काढणारी आजी आता नवव्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते. लिफ्टची देखभाल, पंपाचे वीजबिल, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई, हा खर्च झोपडीत नव्हता. घरकाम करणारी बाई तो कसा भरणार, याचा हिशेब योजना मंजूर करतानाच मागा. देखभाल निधी किती, कोणत्या बँकेत, कोणाच्या नावे आणि सोसायटीची नोंदणी कधी, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत चावीवाटपाच्या कार्यक्रमाला तारीख देऊ नका.