खाडीत इंजिन पुरेल का? आधी वेग मोजा

हॉर्सपॉवर नंतर बघा. पाणरेषेवर २० फूट भरणारी, पाणी कापत जाणारी बोट साधारण ६ नॉटला (ताशी सुमारे ११ किमी) अडते. पुढे इंजिन वाढवलं तरी बहुतेक डिझेलच जळतं. थ्रॉटल न हलवता एकाच टप्प्यात प्रवाहाबरोबर आणि लगेच प्रवाहाविरुद्ध जाऊन जीपीएसवर वेग मोजा. दोन्हींची सरासरी हा बोटीचा खरा वेग. समोरून ३ नॉटची सुकती, म्हणजे ओहोटीचा प्रवाह, आली, तर ६ मधले ३च हाती उरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचा तिसरा-चौथा तास सहसा सर्वांत जोराचा. तेवढा वेळ धक्क्यावर चहा घ्यावा. कोकणात खाडीच्या तोंडाशी सुकतीसमोर पश्चिमेचा वारा आला, की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. तेव्हा इंजिन कितीही दणकट असो, मी दोर सोडत नाही.