नेटवर्क प्रोटोकॉल शिकताना आणि प्रात्यक्षिके करताना या चुका टाळा

संगणक नेटवर्क हा विषय पदवी अभ्यासक्रमात सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात ओएसआय प्रारूपाचे (नेटवर्कची कामे स्तरांत विभागणारा आराखडा) सात स्तर पाठ होतात आणि उरलेले सत्र प्रत्येक प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसात बोलण्याचे नियम) त्यांपैकी कोणत्या कप्प्यात बसतो हे ठरवण्यात जाते. तोंडी परीक्षेत माहिती कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसबद्दल ‘टीएलएस कोणत्या स्तरावर?’ या प्रश्नापाशी गाडी अडते ती त्यामुळेच. ओएसआय प्रारूपाला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली ती १९८४ मध्ये. इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट मात्र १ जानेवारी १९८३ रोजीच जुना एनसीपी हा प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपीवर गेले होते. आजचे इंटरनेट त्या सात स्तरांच्या आराखड्यावरून बांधलेले नाही. स्तरांची नावे अवश्य लक्षात ठेवावीत, पण त्याहून उपयोगी प्रश्न असा की हे हेडर (माहितीच्या पुढे जोडलेली पत्ते वगैरेंची नोंद) कोण लिहितो आणि ते कोण वाचतो? पुढील बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

एआरपी सर्व्हरचा मॅक पत्ता शोधत नाही

‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय घडते?’ या प्रश्नाच्या उत्तरात एआरपीने (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, विचारणारा प्रोटोकॉल) दूरच्या सर्व्हरचा मॅक पत्ता मिळवला, असे वाक्य हमखास सापडते. प्रत्यक्षात आपला संगणक समोरच्या आयपी पत्त्याला आपला सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा) लावून पाहतो, तो पत्ता आपल्या सबनेटबाहेरचा निघाला की डीफॉल्ट गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, मॅक पत्ता विचारतो, आणि फ्रेम (एका टप्प्यापुरते पाकीट) त्या राउटरच्या नावाने पाठवतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर फ्रेमचे हेडर नव्याने तयार होते. आयपी पत्ते मात्र वाटेत नॅट (पत्ते बदलणारी यंत्रणा) नसेल तर अखेरपर्यंत तेच राहतात. आयपीव्ही४ मध्ये प्रत्येक राउटर टीटीएल (पॅकेटने अजून किती टप्पे जावे हा आकडा) एकने कमी करतो, म्हणून त्या हेडरचा चेकसमही (चूक ओळखण्यासाठीची बेरीज) त्याला दर वेळी बदलावा लागतो. फ्रेमचे हेडर शेजाऱ्यासाठी असते आणि आयपीमधला गंतव्य पत्ता दूरच्या टोकासाठी, एवढे पक्के केले तर या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही.

सबनेटची गणिते कागदावर बरोबर येतात आणि प्रयोगशाळेत चुकतात. १९२.१६८.१.१३०/२६ (पहिले २६ बिट नेटवर्कचे) या पत्त्याचे नेटवर्क .१२८ पासून सुरू होते, ब्रॉडकास्ट पत्ता .१९१ येतो आणि यंत्रांसाठी ६२ पत्ते उरतात. याच यंत्रावर चुकून /२४ चा मास्क भरला, तर पहिल्या सबनेटमधला १९२.१६८.१.२० हा पत्ता त्याला आपल्याच सबनेटमधला वाटतो, ते गेटवेकडे न जाता थेट एआरपीची विचारणा करते, आणि राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणे) चालू नसेल तर कोणीच उत्तर देत नाही. अशा वेळी विंडोजवरील पिंगमध्ये (यंत्र उत्तर देते का हे पाहणारी आज्ञा) ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हा संदेश आपल्याच यंत्राच्या पत्त्यावरून आलेला दिसतो. तो पत्ता वाचावा. दोष राउटरच्या पलीकडे नसून अलीकडे आहे, हे त्यातूनच कळते.

टीसीपीमध्ये ‘संदेश’ नसतो

सॉकेट प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकातील सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. विद्यार्थी क्लायंटमधून दोनदा ‘सेंड’ करतो आणि सर्व्हरवर दोनदा ‘रिसीव्ह’ केले की दोन संदेश वेगवेगळे मिळतील, असे गृहीत धरतो. दोन्ही प्रोग्रॅम एकाच यंत्रावर असताना बहुतेक वेळा तसे घडतेही, त्यामुळे जर्नलमध्ये सही मिळते; तोच प्रोग्रॅम वाय-फायवरून दुसऱ्या यंत्राशी जोडला की दोन संदेश चिकटून येतात किंवा एक संदेश मधेच तुटतो. टीसीपी बाइटचा अखंड प्रवाह देतो आणि बाइटचा क्रम सांभाळतो, पण एक लिखाण कोठे संपले याची नोंद ठेवत नाही. चार घागरी हौदात ओतल्यावर कोणत्या घागरीचे पाणी कोणते, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

संदेशाची सीमा अनुप्रयोगानेच आखावी लागते. त्यासाठी प्रत्येक संदेशापूर्वी त्याची लांबी चार बाइटमध्ये पाठवावी किंवा ओळ संपल्याची खूण ठरवून घ्यावी, आणि पूर्ण संदेश हाती येईपर्यंत ‘रिसीव्ह’ लूपमध्ये चालवावे. रिसीव्हने शून्य परत दिले, तर ‘सध्या माहिती नाही’ असा त्याचा अर्थ नसून समोरच्याने पाठवणे बंद केले आहे; ही तपासणी विसरली की सर्व्हर रिकाम्या लूपमध्ये फिरत बसतो. लांबी आणि पोर्ट क्रमांक नेटवर्कच्या बाइट-क्रमात (मोठ्या किमतीचा बाइट आधी) लिहावेत. सी भाषेत पोर्ट ८०८० देताना ‘एचटीओएनएस’ हे बाइट-क्रम बदलणारे फंक्शन राहून गेले, तर इंटेलच्या यंत्रावर सर्व्हर ३६८९५ या पोर्टवर जाऊन बसतो आणि विद्यार्थी फायरवॉलला दोष देत राहतो.

याच ठिकाणी आणखी एक गैरसमज मूळ धरतो. ‘सेंड’ यशस्वी झाले याचा अर्थ बाइट आपल्याच ऑपरेटिंग सिस्टीमच्या बफरमध्ये गेले, एवढाच आहे. टीसीपीची पोचपावतीसुद्धा समोरच्या यंत्रातील टीसीपीने दिलेली असते. समोरच्या प्रोग्रॅमने माहिती वाचली किंवा डिस्कवर लिहिली, याची हमी ती देत नाही. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ च्या निबंधात मांडलेला टोकापासून टोकापर्यंतचा युक्तिवाद नेमका हाच आहे. फाइल पूर्ण आणि बिनचूक पोहोचली का, याची शेवटची खात्री दोन टोकांवरच्या प्रोग्रॅमनाच करून घ्यावी लागते. परीक्षेत या तत्त्वाची व्याख्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या फाइल ट्रान्सफरच्या प्रात्यक्षिकात मात्र हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) तपासलेला नसतो, याचे मला वाईट वाटते.

त्रुटीचा मजकूर वाचा

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ या दोन्हींना ‘कनेक्ट होत नाही’ असे एकच नाव देऊ नये. नकार मिळाला म्हणजे बहुधा समोरच्या यंत्राकडून आरएसटी (जोडणी नाकारणारी टीसीपीची खूण) आले. यंत्र चालू आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. वेळ संपली म्हणजे उत्तरच आले नाही. तेथे फायरवॉल, चुकीचा पत्ता किंवा तुटलेला मार्ग तपासावा. स्वतःच्या यंत्रावरून जोडणी होते आणि मित्राच्या यंत्रावरून नकार येतो, अशा वेळी सर्व्हर १२७.०.०.१ या फक्त स्वतःच्या यंत्रापुरत्या पत्त्याला बाइंड केलेला (बांधलेला) असण्याची शक्यता मोठी आहे. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केल्यावर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आले, तर पोर्ट क्रमांक बदलत बसू नये. ज्या बाजूने जोडणी आधी बंद केली ती बाजू टाइम-वेट अवस्थेत थांबते, लिनक्सवर ६० सेकंद. बाइंड करण्यापूर्वी ‘एसओ-रीयूज-अ‍ॅड्र’ हा पर्याय दिला की अडचण मिटते.

वेग आणि विलंब

मेगाबिट व मेगाबाइट यांतील आठपटीचा फरक सर्वांना ठाऊक असतो आणि गणितात तरीही निसटतो. त्याहून खोल चूक म्हणजे ट्रान्समिशनचा विलंब आणि प्रसाराचा विलंब एकच मानणे. १५०० बाइटचे पॅकेट तारेवर चढवायला १० मेगाबिटच्या दुव्यावर १.२ मिलिसेकंद लागतात आणि १ गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद. पण मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाइतक्या, म्हणजे ७०१ किलोमीटर लांबीच्या फायबरमधून प्रकाशाला जायला सुमारे ३.५ मिलिसेकंद लागतात, आणि दुवा कितीही वेगवान घेतला तरी ते कमी होत नाहीत. टीसीपी हेडरमधील विंडोचे (पोचपावतीची वाट न पाहता किती बाइट पाठवता येतील हे सांगणारे) क्षेत्र १६ बिटांचे आहे. विंडो स्केलिंग (ही मर्यादा वाढवणारा पर्याय) नसेल आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीला सुमारे २.६ मेगाबिटच्या वर वेग मिळूच शकत नाही.

ही विंडो समोरच्या बफरचे रक्षण करते. वाटेतल्या नेटवर्कची काळजी कंजेशन विंडो (पाठवणाऱ्याने कोंडी पाहून स्वतःवर घातलेली मर्यादा) घेते. या दोघींची उत्तरपत्रिकेत सरमिसळ होते, म्हणून इतिहास सांगण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर कोसळला. प्राप्तकर्त्याने जाहीर केलेली विंडो तेव्हाही पाळली जात होती, पण वाटेत कोंडी झाली होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले स्लो स्टार्ट व कोंडी टाळण्याचे उपाय त्यातून आले.

साधने काय दाखवतात

पिंगला उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे, असे लिहू नये. अनेक ठिकाणी आयसीएमपी (पिंग ज्यावर चालते तो प्रोटोकॉल) अडवलेले असते, आणि आयसीएमपीला पोर्टही नसतो, त्यामुळे वेब सर्व्हर चालू आहे का हे पिंग सांगू शकत नाही. ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) मधल्या टप्प्यावर तारांकने दिसली आणि पुढचे टप्पे नीट आले, तर मार्ग तुटलेला नाही. त्या राउटरने उत्तर दिले नाही, इतकेच. वायरशार्कमध्ये (पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्रॅम) आपल्याच यंत्रावरून निघालेल्या पॅकेटचे चेकसम चुकीचे दिसतात किंवा १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेट दिसतात, तेव्हा वायरशार्क ती नेटवर्क कार्डकडे जाण्यापूर्वीच टिपत असतो; चेकसम भरण्याचे आणि तुकडे करण्याचे काम पुढे कार्ड करते. शंका असल्यास समोरच्या यंत्रावर कॅप्चर घेऊन तेच पॅकेट तेथे कसे पोहोचले, ते पाहावे.